विसरलेली ठेव

आमच्या सेवा मंडळाच्या कचेरीत एक जुने लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या तीन खणांत पावतीपुस्तके, रोजकीर्द, खतावणी, बँकेची पासबुके आणि लेखापरीक्षकांचे अहवाल वर्षवार लावून ठेवलेले आहेत. पंचवीस वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात भोजनशाळेला कोणी किती तूप दिले, असे आज कोणी विचारले तरी अर्ध्या तासात उत्तर देता येईल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये हिशेब तपासून घेणे आम्हांस बंधनकारक आहे हे खरे. पण तो कायदा नसता तरी हे दप्तर आम्ही ठेवलेच असते. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेल्या माणसाला दिवसाचा मेळ बसल्याखेरीज झोप येत नाही. त्याच कपाटाच्या तळच्या खणात 'स्वयंसेवक' अशी चिठ्ठी डकवलेली एक पातळ फाईल असे. तीत एकच कागद होता: नावे, दूरध्वनी क्रमांक आणि रक्तगट.

रक्तगट आम्हांला ठाऊक होता. माणूस यापूर्वी कोठे सेवा करीत होता, तेथून का निघाला, एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घरी तो किती वेळ असतो, तिच्या दाराची दुसरी किल्ली त्याच्याकडे कोणी दिली, यांपैकी काहीही त्या कागदावर नव्हते. या महिन्यात त्या पातळ फाइलीविषयी लिहावयाचे आहे. मी त्या वेळी मंडळाचा विश्वस्त होतो आणि आजही आहे, हे आरंभीच सांगतो. कारण पुढे ज्या चुका येतील त्यांतील निदान दोन माझ्या आहेत.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आमच्या पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर काकीजी एकट्या राहत. त्यांच्या यजमानांची धान्याची आडत होती. यजमान गेले, आडत बंद झाली, एक मुलगा बंगळुरूस आणि दुसरा परदेशात स्थिरावला. गुडघ्यांमुळे जिना उतरणे बंद झाले होते. स्मरणशक्तीही दगा देऊ लागली होती. चाळीस वर्षांपूर्वीचा गव्हाचा भाव अचूक सांगणाऱ्या काकीजींना सकाळी औषध घेतले की नाही हे दुपारी आठवत नसे. मंडळाकडून त्यांना दोन वेळचा डबा जाई. संध्याकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी पोहोचलाच पाहिजे, हा त्यांचा नियम आणि आमचा कटाक्ष.

डबा नेणारा कार्यकर्ता मंडळाचे भूषण समजला जाई. त्याला येथे 'तो' एवढेच म्हणू. साधु-साध्वीजींच्या विहारात तो पुढे, रक्तदान शिबिरात पुढे, कोणाच्या घरी रात्री-अपरात्री प्रसंग ओढवला तर सर्वांआधी हजर. काकीजींची औषधे तो आणी, विजेचे बिल भरी, त्यांच्या कार्डाने बँकेतून पैसे काढून देई. 'आम्ही मुले असून जे करत नाही ते हा करतो,' असे त्यांचे धाकटे चिरंजीव मला दूरध्वनीवर म्हणाले होते, आणि ते ऐकून मला धन्यता वाटली होती.

एकदा तो चार दिवस गावी गेला. त्याच्या ऐवजी मंडळातील एक सूनबाई डबा घेऊन गेल्या. काकीजी खुशीत होत्या. लॉकरमध्ये ठेवायला दिलेल्या आपल्या पाटल्या लग्नसराईसाठी परत आल्या, म्हणून त्यांनी पाटल्यांची जोडी दाखविली. 'दोन दिल्या होत्या, दोन आल्या. मी म्हटलं, दोनच होत्या ना रे? तो म्हणाला, हो काकीजी, दोनच.' सूनबाईंनी पाटल्या पाहिल्या आणि कौतुक केले. शेजारी काकीजींची लाल कापडी बांधणीची वही पडलेली होती. यजमानांनी लावलेल्या सवयीप्रमाणे त्या रोज काही ना काही तीत टिपून ठेवीत. दूध किती, दळण किती, कोण आले, कोण गेले. सूनबाई सहज पाने उलटीत होत्या. तीन महिन्यांपूर्वीच्या एका तिथीपुढे काकीजींच्याच अक्षरात लिहिले होते: पाटल्या नग ४, लॉकरमध्ये ठेवण्यास दिल्या.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत 'न्यासापहार' हा एक आहे. आपण तो शब्द ऐकतो आणि पुढे जातो. मला वाटे, ठेव बुडविणे एवढाच त्याचा अर्थ. मग तो अचौर्याच्या यादीत का नाही, असा प्रश्नही कधी पडला नव्हता. सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचे जे स्पष्टीकरण आहे ते पुढे एका स्वाध्यायात ऐकले आणि मी ताठ होऊन बसलो. ठेव ठेवणारा मनुष्य संख्या विसरला आणि कमी मागू लागला, अशा वेळी 'होय, तेवढेच होते' अशी संमती देऊन तेवढेच परत करणे, याला तेथे न्यासापहार म्हटले आहे. दोष त्या 'होय'मध्ये आहे, म्हणून तो सत्याच्या यादीत आहे. दुसऱ्याच्या विसरण्याचा लाभ घेणे हे इतके जुने आणि इतके ओळखीचे पाप आहे, की कित्येक शतकांपूर्वी आचार्यांना त्याचे वर्णन करावेसे वाटले.

आता आमची चूक. त्याला बोलाविले. तो रडला. उरलेल्या दोन पाटल्या एका सराफाकडे गहाण होत्या, त्या चार दिवसांत सोडवून आणून दिल्या. मग आम्ही सात विश्वस्त दार लावून बसलो. पर्युषण तोंडावर आहे, असे एकाने सांगितले. त्याच्या मुलीची सोयरीक ठरते आहे, असे दुसऱ्याने. बाहेर गेले तर लोक देणग्या देणार नाहीत, असे तिसरा म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलविल्या. वस्तू परत आली, मग गाजावाजा कशाला? 'क्षमा हा आपला धर्म आहे' हे वाक्य मी उच्चारले. पोलिसांत जाणे तर दूरच, पण काकीजींच्या मुलांनाही कळवू नये असे ठरले. वार्षिक सभेत 'प्रकृतीच्या कारणास्तव' कार्यातून मुक्त होणाऱ्या या सेवाभावी कार्यकर्त्याचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. शाल मी घातली.

आठ महिन्यांनी दुसऱ्या गावच्या एका संस्थेच्या चिटणिसांचा मला दूरध्वनी आला. तो त्या गावी राहावयास गेला होता आणि तेथील वृद्धसेवेच्या कामात त्याने नाव दिले होते. 'तुमच्याकडे होते ना ते? कसे आहेत?' मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, 'माणूस कष्टाळू आहे.' या वाक्यातील एकही शब्द खोटा नव्हता. पुढे दीड वर्षाने कानावर आले की तेथील एका वृद्ध गृहस्थांच्या खात्यातून अनेक महिने थोडी थोडी रक्कम निघत गेली. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती. कार्ड त्याच्याकडे असे, आकडा तो वाचून दाखवी. त्या गृहस्थांनी कोठे काही लिहून ठेवलेले नव्हते. ठेवणार तरी कसे? काहीच शाबीत झाले नाही.

आणि काकीजी? त्यांना आम्ही काही सांगितले नाही. 'तो का येत नाही?' असे त्या रोज विचारीत. त्यांना त्याची सवय झाली होती, जिव्हाळा जडला होता. ज्याने फसविले त्याचीच वाट पाहणारी माणसे या विषयात फार भेटतात, आणि म्हणूनच तक्रार फार थोडी होते. एके दिवशी मन निवळलेले असताना त्या मला म्हणाल्या, 'माझ्या पाटल्यांवरून तुम्ही सगळे बसलात म्हणे. मला का नाही बोलावलं?' कोणाकडून कळले कोण जाणे. यजमान अंथरुणाला खिळले होते तेव्हा दोन वर्षे आडतीचे सगळे हिशेब याच बाईंनी सांभाळले होते. त्यांच्या वस्तूविषयी, त्यांच्या घराविषयी, त्यांना फसविणाऱ्या माणसाविषयी निर्णय घेताना त्यांना विचारावे, हे आम्हां सातजणांपैकी कोणाच्याही मनात आले नव्हते. वृद्ध म्हणजे मोठ्या वयाचे मूल, अशी आपली एक प्रेमळ समजूत आहे. ती समजूत मला आता प्रेमळ वाटत नाही.

हे सारे एखाद्याच गावी घडते असे समजण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढील दर सहा माणसांपैकी सुमारे एकाला, आपल्या वस्तीत राहत असतानाच, वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ किंवा फसवणूक सोसावी लागते. दरवर्षी १५ जून हा दिवस या विषयाच्या जागृतीसाठी जगभर पाळला जातो. आपल्या पंचांगात त्याची नोंद नसते, एवढेच.

सेवेच्या आडून काय घडू शकते याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कटू उदाहरण इंग्लंडमधील आहे. ते येथे देण्याचे कारण असे की आपल्यासारख्या दानशूर समाजाला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जिमी सॅव्हिल हा तेथील दूरचित्रवाणीवरचा अत्यंत लोकप्रिय सूत्रधार. लीड्स येथील रुग्णालयात आणि स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात तो वर्षानुवर्षे स्वयंसेवक म्हणून रुग्णांना ने-आण करण्याचे काम करी. स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याच्या दुखापतींवर उपचार करणारे केंद्र नव्याने बांधण्यासाठी त्याने सुमारे एक कोटी पौंडांचा निधी उभा केला. १९८३ साली ते सुरू झाले. १९९० साली त्याला 'सर' हा किताब मिळाला. त्याला रुग्णालयात राहावयास जागा होती, हवे तेव्हा हवे तेथे जाण्याची मोकळीक होती. २०११ साली तो वारला आणि त्यानंतर पीडितांनी तोंड उघडले. २०१४ आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालांत या दोन रुग्णालयांत मिळून सुमारे १२० जणांवर त्याने अत्याचार केल्याचे नमूद आहे. लीड्सच्या रुग्णांत पाच वर्षांपासून पंचाहत्तर वर्षांपर्यंतच्या वयाच्या व्यक्ती होत्या. त्याच्या हयातीत तक्रारी झाल्या नव्हत्या असे नाही. ज्या परिचारिकेला वा कर्मचाऱ्याला रुग्णाने सांगितले, तेथेच त्या थिजल्या. जो माणूस इमारत बांधून देतो त्याच्याविरुद्ध वरिष्ठांकडे जाणार कोण?

आपल्याकडेही देणगीदाराला आश्रमाच्या दारात कोणी अडवीत नाही. कोनशिलेवर नाव असलेल्या माणसाला 'आत्ता स्नानाची वेळ आहे, आपण बाहेर बसावे' असे सांगण्याची छाती कोणत्या तरुण कर्मचाऱ्याची होईल? येथे मी कोणाही दात्यावर संशय घेत नाही. एवढेच म्हणतो की दान ही एक गोष्ट आहे आणि खोलीची किल्ली ही दुसरी.

छळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मारहाण येते. परंतु अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार प्रतिक्रमणात आपण आळवतो (बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध) ते वृद्धांच्या आणि दिव्यांगांच्या खोलीत उभे राहून वाचावेत. परंपरेने ते गाई-बैलांच्या व आश्रितांच्या संदर्भात समजावले जातात. रात्री उठून पडू नयेत म्हणून आजोबांचे मनगट पलंगाच्या दांडीला ओढणीने बांधणे, हा बंध. वेण्या घालण्याचा व्याप नको म्हणून न विचारता आजींचे केस बारीक कापून टाकणे. छेद म्हणताना शास्त्रकारांच्या मनात हे नसेल, पण एका वृद्धाश्रमात अशा आजींना आरशाकडे पाठ करून बसलेले मी पाहिले आहे. आणि अन्नपाननिरोध! वारंवार शौचास न्यावे लागू नये, लंगोट बदलावे लागू नये, म्हणून दुपारनंतर पाणीच कमी देणे. हे करणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. पुष्कळदा तो थकलेला असतो. एकट्या कार्यकर्त्यावर बारा घरे सोपविणाऱ्या मंडळाने अतिभारारोपण कोणावर केले, हाही प्रश्न विचारावयास हवा.

याखेरीज एक प्रकार असा आहे की ज्याविषयी आपल्या घरांत शब्दही निघत नाही. स्नान घालताना, कपडे बदलताना, कृत्रिम पायाचे माप घेताना होणारा लज्जाभंग. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना बौद्धिक दिव्यांगत्व आहे, ज्यांचे म्हणणे 'त्यांना काय कळते' म्हणून कोणी मनावर घेत नाही, त्या प्रौढ स्त्री-पुरुषांना हा धोका सर्वांत अधिक. एखादी व्यक्ती विशिष्ट सेवक आला की एकाएकी गप्प होते, अंग चोरते, तिच्या वतीने तोच सर्व उत्तरे देतो, तिला एकटे भेटू देत नाही, ही लक्षणे सेवा करणाऱ्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक असावीत. अंगावरचे वळ सगळ्यांनाच दिसतात. ही मौनाची खूण पाहायला सवय लागते.

काकीजी गेल्यानंतर, फार उशिरा, आम्ही नियम केले. ते शोधायला आम्हांला कोठे जावे लागले नाही. आमच्या दुकानांत ते होतेच. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. म्हणून आता एकट्या राहणाऱ्या व्यक्तीच्या घरी शक्य तो दोघे जातात आणि जोड्या दर तीन महिन्यांनी बदलतात. स्त्रीच्या शारीरिक शुश्रूषेला स्त्रीच जाते. प्रत्येक घरी दाराशी दोरीने बांधलेली एक वही आहे. कोण आले, केव्हा आले, काय आणले, किती पैसे दिले-घेतले, हे त्याच क्षणी लिहावयाचे आणि घरच्या माणसानेही हवे ते लिहावयाचे. एटीएम कार्ड, पिन, पासबुक, लॉकरची किल्ली यांना कोणत्याही कार्यकर्त्याने हात लावावयाचा नाही, मग मालकाने कितीही आग्रह केला तरी. पैशांचे काम अडत नाही. सत्तर वर्षांवरील व अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ साली सांगितलेले आहे. ज्यांना सही करता येत नाही त्यांच्या अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. बँकेला दोन साक्षीदार हवेत, आणि आम्ही मात्र एका गोड बोलण्यावर चालत होतो.

भेटवस्तू घेण्यास बंदी आहे. मृत्युपत्रात, वारसनोंदीत कार्यकर्त्याचे नाव येता कामा नये. नव्या माणसाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते आणि आधीच्या संस्थेला लेखी विचारणा जाते. छायाचित्रांविषयीचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. लंगोटांचे पुडके हातात दिलेल्या आजोबांचे चित्र सायंकाळपर्यंत चारशे भ्रमणध्वनींवर फिरते आणि खाली अनुमोदनाचे हात जोडलेले असतात. त्या आजोबांची कधी काळी पेढी होती. त्यांनी विचारले असते तर 'काढू नका' म्हणाले असते.

पण सगळ्यांत कठीण काम तक्रारीची वाट मोकळी करण्याचे. जी व्यक्ती डबा आणते तिच्याचकडे तक्रार द्यावयाची असेल तर ती कोणी देणार नाही. म्हणून मंडळाबाहेरच्या, कोणाशी नाते वा व्यवहार नसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचे नाव आणि क्रमांक ठळक अक्षरांत प्रत्येक घराच्या भिंतीवर लावला आहे. तक्रार आली की दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून' टाकायची जुनी रीत आम्ही बंद केली. दुर्बल माणूस सबळापुढे बसला की तो 'माझीच चूक झाली' असेच म्हणतो. शिक्षिकाबाई त्या व्यक्तीला एकटीला भेटतात, तिच्या बोलीत ऐकतात, तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतात आणि अखेरीस विचारतात, 'तुमची काय इच्छा आहे?' शहाण्या प्रौढ माणसाची इच्छा मोडून त्याच्यावर मदत लादता येत नाही. मात्र गुन्हा घडला असेल, किंवा तोच माणूस उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार असेल, तर गप्प राहण्याचा अधिकार मंडळाला उरत नाही. चौकशी चालू असेतो त्या कार्यकर्त्याला घरोघरी पाठविले जात नाही. शारीरिक अत्याचाराची शंका असेल तर कपडे धुवू नयेत, खोली आवरू नये, आधी पोलीस आणि डॉक्टर.

कायद्याचा आधार आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा अधिनियम बहुतेकांना मुलांकडून पोटगी मिळण्यापुरताच माहीत असतो. त्याचे २३ वे कलम प्रत्येक व्यापारी घराने वाचावे. सांभाळ करण्याच्या अटीवर कोणाला मालमत्ता दिली आणि त्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण रद्द करू शकते. घेणारा नातलगच असला पाहिजे असे नाही. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून ठेवावी, नंतर वाद उरत नाही. दिव्यांग व्यक्तीचा छळ होत असल्याची माहिती कोणीही नागरिक वा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकते, ही तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या ७ व्या कलमात आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत चालू असतो. विश्वासाने सोपविलेल्या वस्तूचा अपहार हा गुन्हा आहेच. वस्तू परत केली म्हणून तो घडलाच नव्हता असे होत नाही. हे आम्हां सात विश्वस्तांपैकी दोघांना, जे स्वतः वकील आहेत, त्या दिवशीही ठाऊक होते.

नियम आणले तेव्हा नाराजी झाली. तीस वर्षे सेवा केलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते पडताळणीचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, 'भाऊसाहेब, या वयात माझी चौकशी?' मला वाईट वाटले. माझ्या वडिलांचे मुनीमजी चाळीस वर्षे दुकानात होते. रोज रात्री गल्ला वडिलांसमोर मोजूनच ते घरी जात. एकदा वडील म्हणाले, 'आज राहू द्या, उशीर झाला.' मुनीमजी बसून राहिले. 'शेठजी, उद्या एक रुपया कमी भरला तर मी कोणाला तोंड दाखवू?' हे मी त्या कार्यकर्त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण आठवड्याने अर्ज भरून आणून दिला. पुढे एका घरातील हरवलेल्या अंगठीवरून त्यांच्याकडे बोट दाखविले गेले, तेव्हा दाराशी बांधलेल्या वहीनेच त्यांना निर्दोष ठरविले. त्या दिवशी ते त्या घरी गेलेच नव्हते.

तळच्या खणातील फाईल आता जाड झाली आहे. मागील चैत्रात परगावच्या एका संस्थेकडून एका जुन्या कार्यकर्त्याविषयी विचारणा आली. त्या चिटणिसांना मी तोंडी काही सांगितले नाही. फाईल काढून, त्यातले चांगले आणि वाईट, दोन्ही कागद नकलून पाठविले. वाईट कागद पाठविताना हात अडखळला, हे कबूल करतो.

दाराशी बांधलेल्या वह्या दर महिन्याला मी स्वतः चाळतो. गेल्या महिन्यात एका घरच्या वहीत सलग तीन दिवस एकच नोंद होती, आजींच्या थरथरत्या अक्षरात: 'आज कोणी आले नाही.' आमच्या भेटींच्या तक्त्यावर त्या तिन्ही दिवसांपुढे 'डबा पोहोचला' अशी खूण आहे. शिक्षिकाबाई उद्या त्या घरी जाणार आहेत.